सव्वाआठशे किलोमीटरवरून आमचे शेत

वणवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गडचिरोली-चंद्रपूरची जंगले येतात. फाल्गुन-चैत्रात पानगळ साचते, वारा सुटतो आणि डोंगर पेटतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात जंगल ते कितीसे! माळरान, ज्वारी आणि कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस. तेव्हा वणव्याशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. पण आग सागाच्या पाल्याला लागो की उसाच्या पाचटाला, आकाशातून पाहणाऱ्याला ती आगच दिसते.

मी मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सध्या सात रस्त्याजवळ आत्याकडे राहतो. गेल्या वर्षी भूगोलाच्या सरांनी आम्हाला संगणकावर एक नकाशा दाखवला. तो अमेरिकेच्या नासा या संस्थेचा असून कोणालाही विनामूल्य पाहता येतो. जगात कोठे आग लागली, हे काही तासांतच त्यावर तांबड्या ठिपक्यांनी उमटते. सरांनी विचारले, "कोणाचे गाव पाहू या?" मी माझ्या गावाचे नाव सांगितले. जानेवारीतली एक तारीख काढली आणि ओढ्याकाठी एक ठिपका दिसला. त्याच दुपारी आमच्या आप्पांनी दोन एकरांतले पाचट पेटवले होते.

हे कसे घडते? तापलेल्या तव्याजवळ हात नेला, की तवा लाल नसतानाही धग लागते. ती धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण. जळत्या पाचटातून सुमारे ४ मायक्रॉन लांबीच्या लहरी फार जोराने बाहेर पडतात. उपग्रहावरचे यंत्र त्या टिपते आणि शेजारच्या जमिनीशी ताडून पाहते. २०११ साली सोडलेला सुओमी एनपीपी हा उपग्रह सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून, साधारणतः दुपारी दीड व रात्री दीडच्या सुमारास, आपल्या डोक्यावरून जातो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून अशाच माहितीवरून वनखात्याला आगीच्या सूचना देत आली आहे.

मात्र या डोळ्यालाही मर्यादा आहेत. त्याचा एक चौकोन ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा. ठिपका पडतो तो चौकोनाच्या मध्यावर. म्हणून आमच्या आगीचा ठिपका नकाशात शेजाऱ्याच्या विहिरीवर पडला होता! उद्या केवळ ठिपका पाहून कोणी दंडाची पावती फाडू लागला, तर भलत्याच्याच नावावर फाटायची. शिवाय संध्याकाळी पेटवून रात्री दहापर्यंत विझलेली आग त्या उपग्रहाला दिसतच नाही, आणि ढग आले की सारेच झाकले जाते. आपले इन्सॅट-३डी मालिकेतले उपग्रह दर अर्ध्या तासाने पाहतात; पण ते सुमारे ३६,००० किलोमीटर दूर असल्याने त्यांची नजर तितकी बारीक नाही.

धुराचे गणित आणखी अवघड. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेची धूसरता मोजतो. माणसाच्या नाकाशी किती धूर आहे हे सांगत नाही. त्यासाठी जमिनीवरची यंत्रे लागतात. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दर घनमीटर हवेत अशा कणांची चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे आपल्या देशाचे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा १५ सुचवली. असली यंत्रे बहुधा शहरांत असतात. खेड्यातल्या हवेचा अंदाज उपग्रहाची धूसरता, वाऱ्याची दिशा आणि शहरातले आकडे एकत्र मांडूनच करावा लागतो.

आमच्या आज्जीला दमा आहे. पाचट पेटवायच्या दिवसांत ती "हवा बदलायला" आत्याकडे येते. आणि हवा कोणती, तर सात रस्त्याची! सात दिशांनी आलेल्या रिक्षा, बसगाड्या आणि ट्रक येथे एकमेकांच्या तोंडावर धूर सोडतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहेच. म्हणजे आज्जी एका धुरातून उठून दुसऱ्या धुरात येऊन बसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे आप्पांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आरं, त्या वरच्याला आमचं पाचाट दिसतंय, पण कुट्टी मशीनचं भाडं दिसतंय का? मजूर मिळंना, ते दिसतंय का?" मला उत्तर सुचले नाही. ठिपका आग दाखवतो, आगीमागचे कारण दाखवत नाही. खोडव्याला लवकर पाणी द्यायचे असते, पाचटात उंदीर होतात आणि काडीपेटी स्वस्तात मिळते.

तरी मी कृषी खात्याची शिफारस वाचून दाखवली. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरून त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर त्याचे खत होते, ओल टिकते आणि तणही कमी उगवते. आमच्याकडे पाण्याची ओढ असते, त्यामुळे 'ओल टिकते' या शब्दांवर आप्पा थांबले. आज्जी पडवीतून खोकत होती, तेही त्यांनी ऐकले असावे.

शेवटी ठरले, की यंदा दोनपैकी एक एकर पाचट जाळायचे नाही. दोन्ही एकरांतला ऊस वेगवेगळा मोजायचा. त्याची वही मी ठेवायची. आप्पांनी अट घातली, "न जाळलेल्या रानात टनेज घटलं, तर तेवढं तुझ्या फीतनं कापीन." अट मला मान्य आहे. वही घेतली आहे.