विंडो संपण्याआधी

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा चाकण पट्ट्यातल्या गावांमध्ये आमची लसचाचणी ऐन भरात होती. सहभागी सगळी तान्ही बाळं. कुणाचा पहिला डोस झालेला, कुणाचा दुसरा राहिलेला. नवी नोंदणी थांबवायचं एका फोनवर ठरलं. प्रश्न होता तो लस आधीच टोचलेल्या बाळांचा. मोठं माणूस त्रास झाला तर स्वतः दवाखान्यात येतं. बाळाच्या वतीनं आईनं सही केलेली असते, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा उठवलेला असतो, आणि तो 'आम्ही लक्ष ठेवू' या आमच्या शब्दावर. हा शब्द टाळेबंदीतही पाळायलाच हवा, असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं.

प्रत्येक डोसला ठरलेली विंडो, म्हणजे दिवसांची मुदत, असते. ती हुकली की डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याची नोंद, लिहावी लागते. एप्रिलमध्ये आयसीएमआरनं एथिक्स कमिट्यांसाठी सूचना काढल्या, बैठका ऑनलाइन होऊ लागल्या, फोनवरच्या फॉलो-अपला आम्हाला मंजुरी मिळाली. पण लस फोनवर टोचता येत नाही. पोलिसांचा पास आणि व्हॅक्सिन कॅरियर घेऊन फील्ड वर्कर निघायच्या, तर वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या. तिथं आशाताई उभ्या राहून "ही आपलीच माणसं" म्हणायच्या, तेव्हा कुठे वाट मिळायची.

रक्ताच्या नमुन्यांचं मात्र जमेना. रक्त नेतील, पॉझिटिव्ह काढतील आणि अख्खं घर उचलून नेतील, ही धास्ती घराघरांत होती. नमुने पुढे ढकला, असं मी आग्रहानं सांगितलं. अँटिबॉडीचा आकडा हुकला तर चाचणीचं नुकसान होतं. आईनं दार लावून घेतलं तर बाळ तापानं फणफणलेलं आपल्याला कळतही नाही.

कारखाने बंद पडले तशी कुटुंबं पांगली. कुणी बीडला, कुणी यवतमाळला, कुणी थेट बिहारला. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि रिचार्ज संपलेला. रिचार्ज आम्हीच करू लागलो. त्यामुळेच एका संध्याकाळी यवतमाळहून एका आईचा फोन लागू शकला. "ताई, पोट उडतंय पोराचं." व्हिडिओवर झबलं वर करायला सांगून मी मिनिटभर श्वास मोजले. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असले, की ते वेगवान धरतात. याचे त्याहून बरेच वर होते. मग 108, ग्रामीण रुग्णालय, तिथल्या डॉक्टरांशी बोलणं आणि 24 तासांच्या आत गंभीर घटनेचा अहवाल. बाळ बरं झालं.

महामारीत लहानग्यांवर चाचण्या कशाला, असं लोक विचारायचे. न्यूमोनिया आणि क्षयानं टाळेबंदी पाळली नव्हती, हे माझं उत्तर असे. भारत, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झांबियातल्या 1,204 मुलांवर 'शाइन' ही क्षयरोगाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले: सौम्य आजारात सहाऐवजी चार महिन्यांचे उपचार पुरतात. मोठ्यांच्या आकड्यांवरून हे ठरवता आलं नसतं. मुलांकडेच जावं लागलं.

पुढच्या चाचणीच्या अंदाजपत्रकात मी रिचार्ज, थर्मामीटर आणि गावी गेलेल्या बाळांपर्यंत पोहोचण्याचा प्रवासखर्च मागितला. हे 'किरकोळ'मध्ये टाका, असा निरोप आला. मी ते वेगळ्या ओळीतच ठेवलं आणि मंजूर करून घेतलं.