शेवटच्या वर्तुळापर्यंत

आपल्या गोव्यात धिरयो उघडपणे चालायच्या तेव्हा हार-जितीचा नियम एका ओळीचा होता. दोन बैल शिंगाला शिंग लावून भिडायचे आणि ज्याने पाठ फिरवली तो हरला. उच्च न्यायालयाने १९९६ साली धिरयोंवर बंदी घातली (चोरूनमारून अजून कुठेकुठे होतात म्हणे, तो विषय वेगळा). पण 'पाठ फिरवली तो हरला' हा हिशेब काही आपल्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणूनच असेल, मोबाईलवरचा पबजी नावाचा तो खेळ मी प्रथम पाहिला तेव्हा मला तो चक्क उलटा वाटला. इथे वेळेवर पाठ फिरवणारा जिंकतो!

ज्यांच्या घरी तरुण मुले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शंभर जण एका विमानातून एका बेटावर उतरतात. हातात काही नसते. बंदुका, चिलखत, औषधे घराघरांतून शोधायची. नकाशावर एक वर्तुळ असते आणि ते ठरावीक वेळाने लहान होत जाते. वर्तुळाबाहेर राहिलात तर निळ्या पट्ट्यात सापडून जीव थोडा थोडा कमी होतो, आणि खेळ जसा पुढे सरकतो तसा जास्त झपाट्याने. शेवटी वर्तुळ अंगणाएवढे उरते आणि त्यात जो टिकला तो विजेता. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसाने हा खेळ रचला. २०१७ साली तो संगणकावर आला आणि २०१८ मध्ये मोबाईलवर. जपानी लेखक कोशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' ही १९९९ ची कादंबरी आणि २००० साली तिच्यावर निघालेला चित्रपट, हे त्याचे पूर्वज.

गोव्यात याची चर्चा कशी झाली होती ते आठवत असेल. २०१९ मध्ये आपल्या तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी या खेळाला घराघरांत शिरलेला राक्षस म्हटले होते. २०२० च्या सप्टेंबरात केंद्राने त्यावर बंदी घातली, २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नाव लावून परत आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. टिकून राहण्याची कला या खेळालाच जास्त येते असे म्हणायचे!

तर मला या कलेचे शिक्षण मिळाले ते उज्जैनला, देवास गेटवर. २०२४ साली बहिणीच्या कुटुंबाबरोबर महाकालाच्या दर्शनाला गेलो होतो. (आजचे महाकाल मंदिर अठराव्या शतकात उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. आपल्याकडच्या शेणवी मंडळींनी हे विसरू नये!) दर्शन झाल्यावर इंदूरची बस धरायला देवास गेटच्या स्टँडवर आलो. रेल्वे स्टेशनच्या जवळच हा स्टँड. आपल्या कदंबासारखी वेळापत्रकाने निघणारी गाडी इथे नाही, खाजगी गाड्या. कंडक्टर 'इंदौर-इंदौर' ओरडत राहतो आणि बस भरली की निघते. बहीण आणि भावोजी पोह्यांच्या गाड्याकडे वळले. मी आणि भाचा सामान राखत बसलो.

भाचा कॉलेजात आहे, आणि फोंड्याच्या तीन मित्रांबरोबर त्याचा चौघांचा संघ आहे. त्या दिवशी त्यांचा सराव सामना होता. सोळा संघ, म्हणजे चौसष्ट खेळाडू. स्पर्धांत शंभर नसतात, हे मला तिथेच कळले. पठ्ठ्या देवास गेटच्या गर्दीत कानांत यंत्रे खुपसून खेळायला बसला, आणि नेटवर्क अडकले त्या दोन सेकंदांत मारला गेला. मला वाटले, आता फोन खिशात जाईल. कसचे काय! "मामा, मात्शें रांव," म्हणाला आणि मित्रांचा खेळ पाहत बसला. आपण मेलो तरी संघातला एक जरी जिवंत असला तरी सामना संपत नाही. शेजारच्या बाकावरची दोन स्थानिक मुलेही त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. मी म्हटले, आता तू रिकामाच आहेस, तर मला समजावून सांग.

त्याचे पहिले वाक्य असे : नेम चांगला असणारे पुष्कळ असतात, शेवटच्या वर्तुळात मात्र नेमके ते नसतात.

टिकण्याची सुरुवात विमानातून उडी मारतानाच होते. पोचिंकी म्हणून मधले एक गाव आहे, लूट भरपूर, म्हणून नवखे तिथेच उतरतात आणि पहिल्या काही मिनिटांत संपतात. जाणते संघ आपापले गाव आधीच ठरवून घेतात आणि शक्यतो दुसऱ्याच्या गावात उतरत नाहीत. मग लूट. इथे हावरटपणा नडतो. तिसऱ्या दर्जाचे शिरस्त्राण मिळावे म्हणून आणखी चार घरे धुंडाळणारा माणूस वर्तुळ सरकले तरी घरातच असतो. भाच्याचा नियम असा की पुरेशा गोळ्या, औषधे आणि चार-सहा धुराचे गोळे मिळाले की निघायचे. धुराचा गोळा बंदुकीपेक्षा मोलाचा! उघड्या माळावरून जाताना तेवढाच काय तो आडोसा.

निघायचे तरी कधी? सगळ्यांत जास्त मतभेद इथे आहेत. काही संघ पुढच्या वर्तुळाच्या मध्याकडे लवकर धाव घेतात, एखादे चांगले आवार पकडतात आणि इतरांना आपल्याकडे येऊ देतात. धोका हा की पुढचे वर्तुळ दुसरीकडेच गेले तर चारही बाजूंनी वेढलेले असताना बाहेर पडावे लागते. दुसरे संघ कडेकडेने सरकतात. पाठीशी निळा पट्टा असतो, त्यामुळे मागून सहसा कोणी येत नाही. पण पुढच्या जागा भरलेल्या असतात आणि एक मिनिट चुकले की गेलो. भाचा कडेवाला. लष्करी तळाच्या बेटावर उतरणे त्याला नामंजूर, कारण वर्तुळ मुख्य भूमीवर पडले तर पूल ओलांडावा लागतो, आणि पुलावर दबा धरून बसणारे कायम असतात.

आणि लढायचे कधी? शक्यतो नाहीच. एक गोळी झाडली की आसपासच्या प्रत्येकाला कळते तुम्ही कुठे आहात. दोन संघ भिडतात, एक जिंकतो, पण जिंकणाऱ्याचे दोघे जखमी, गोळ्या संपलेल्या, आणि तेवढ्यात तिसरा संघ येऊन उरलेल्यांना टिपतो. आपण त्या तिसऱ्याच्या जागी असावे, एवढेच शास्त्र. मात्र नुसते झुडपात पडून राहूनही भागत नाही. पूर्वीच्या गुणपद्धतीत पहिल्याला १५ गुण मिळत, आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत १० मिळतात, आणि मारलेल्या प्रत्येकामागे १ गुण. म्हणजे टिकण्याचा भाव उतरला आणि लढण्याचा वधारला. एकही बळी न घेता दुसरा आलेला संघ, सहा जण मारून लवकर बाद झालेल्या संघाच्या बरोबरीला येतो. तेव्हा कोणती लढाई घ्यायची हे निवडणे, सगळ्याच टाळणे नव्हे.

चौघांत एक जण नायक असतो, तो नकाशा वाचतो. एक जण पुढे जातो, पुढच्या घरात कोणी आहे का ते पाहायला. हा बहुधा आधी मरतो. त्याला मारणारा कुठे आहे ते मात्र मागच्या तिघांना कळते. भाचा हे अगदी सहज सांगत होता. त्याची जागा तीच आहे.

पडलेल्याला लगेच मरण नसते, सोबती जवळ असला तर त्याला उठवता येते. हे ऐकले आणि मला उज्जैनमध्ये बसून महादजी आठवले नसते तर नवलच. ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी हीच. १७६१ च्या पानिपतात पायावर घाव बसून पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिश्त्याने आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते आणि महादजी त्यांच्या अग्रभागी. भाचा म्हणाला, "म्हणजे रिवाइव!" तेच ते.

सामना अजून चालूच होता. चौसष्टांपैकी वीस-बावीस उरले असतील. मान अवघडली म्हणून मी वर पाहिले, आणि नावावर नजर गेली. ज्या स्टँडवर आम्ही बसलो होतो त्याचे नाव शहीद राजाभाऊ महाकाल बस स्टँड. ज्याला तिथला माणूस नुसते 'देवास गेट' म्हणतो, त्याचे पूर्ण नाव एका गोव्याच्या हुतात्म्याचे आहे!

राजाभाऊ महाकाल उज्जैनचे, महाकालाच्या पुजारी घराण्यातले, संघाचे कार्यकर्ते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवीच्या बाजूने शिरलेल्या तुकडीत राजाभाऊ होते. हातात तिरंगा, समोर पोर्तुगीज बंदुका. गोळी डोळ्याला लागली. पंजाबचे तरुण शिक्षक कर्नेलसिंग त्याच दिवशी तिथेच पडले. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली.

मी भाच्याला हे सांगितले. पत्रादेवीचे स्मारक त्याने शाळेच्या सहलीत पाहिले होते. नावे लक्षात नव्हती. त्याचा प्रश्न खेळाडूचा होता. "आडोसा काही नव्हता? धूर नाही, काही नाही, आणि सरळ उघड्यावरून?" नाही, म्हटले, आडोसा घ्यायचाच नव्हता. त्याने मान हलवली, पण पटले की नाही ते कळले नाही. त्या डावाचे नियमच वेगळे होते, आणि ते एकोणीस वर्षांच्या मुलाला बसस्टँडवर समजावण्याइतके मला सोपे वाटत नाहीत.

वर्तुळाची उपमा मात्र त्याला लगेच भिडली. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली गेली, मग सीमा बंद झाल्या, नाकेबंदी आली, आणि १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौजा तिन्ही बाजूंनी शिरल्या. सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही. सैनिक जिंकतील किंवा मरतील. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागतीवर सही केली, आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक १९६२ मध्ये जिवंत घरी गेले. पुढे त्यांना सैन्यातून काढून टाकले गेले आणि पोर्तुगालातल्या १९७४ च्या क्रांतीनंतर मान परत मिळाला. १९८० साली ते गोव्याला भेट देऊनही गेले. शेवटच्या वर्तुळात शस्त्र खाली ठेवून सगळ्यांना वाचवणारा खेळाडू भाच्याच्या खेळात नाही. त्याने मला तसे स्पष्टच सांगितले.

इतक्यात शेजारचा मुलगा ओरडला, "भिया, झोन आ रिया है!" पडद्यावर फोंड्याचा एकटा मुलगा गवतात पालथा पडला होता, समोर दोन संघ. तो हललाच नाही. वर्तुळ त्याच्या टाचेपर्यंत आले तेव्हा कुठे एक धुराचा गोळा पुढे टाकला, पण त्यात शिरला नाही, बाजूने सरपटला. समोरचे दोन्ही संघ धुरावर गोळ्या झाडत राहिले आणि एकमेकांना दिसले. शेवटी उरला एक जण, तोही जखमी. त्याला टिपायला तीन गोळ्या लागल्या. मी श्वास रोखून बसलो होतो, हे मला नंतर कळले.

पडद्यावर विजेत्यांचे चार पुतळे शेजारी शेजारी उभे राहिले. दुसरा भाच्याचा. तो मरून वीस मिनिटे झाली होती, पण चौघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत होती. त्याने पडद्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला. पोहे घेऊन बहीण आली तेव्हा कंडक्टर बसवर थाप मारत होता.