विशेषनामाचे रूपांतर

विशेषनामाला निर्देश असतो, अर्थ नसतो, असे जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात लिहून ठेवले. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून एखाद्या गावाला डार्टमथ हे नाव पडले असेल. पण उद्या नदीने मुख बदलले तरी गावाचे नाव डार्टमथच राहील, हा त्याचा दृष्टान्त. तर्कशास्त्रापुरते हे मान्य करता येते. पाळण्याभोवती जमलेल्या माणसांना मात्र मिलचे मत कोणी सांगून पाहावे. तेथे प्रत्येक नावाचा अर्थ विचारला जातो, त्या नावाची पूर्वी होऊन गेलेली माणसे आठवली जातात, आणि एखादी विधवा झालेली किंवा विहिरीत पडलेली आठवली की ते नाव मुकाट्याने वगळले जाते. साताऱ्यात २०११ साली 'नकोशी' या नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींना विशेषनामाची निरर्थकता पटवून देण्यास कोणी तार्किक धजावला नसता.

वाशीम जिल्ह्यातील मानोरा या तालुक्याच्या गावी एका निवृत्त मराठी शिक्षकाच्या घरी हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. त्यांची मुलगी आयर्लंडमध्ये गॉलवे येथे नोकरी करते, आणि तिचा नवरा तिथलाच. त्यांना मुलगी झाली. जन्मवेळ कळवली गेली, आणि ती आयर्लंडच्या घड्याळाची धरावी की मानोऱ्याच्या, यावर थोडा खल झाला. चंद्र दोन्ही गावांना एकच आहे हे ज्योतिषांनी समजावून सांगितल्यावर स्वाती नक्षत्राचा चौथा चरण निघाला. त्या चरणाचे अक्षर 'ता'. आजोबांनी तत्क्षणी 'तारा' हे नाव सुचविले. दोन्हीकडे चालेल असे नाव सापडल्याचा आनंद त्यांना झाला होता, कारण कोणत्या तरी पुस्तकात 'तारा' हे केल्टिक नाव म्हणूनही नोंदलेले जावयाने पाहिले होते.

अडचण आली ती आत्याकडून. नाव ठेवण्याचा मान मराठी रीतीप्रमाणे आत्याचा, आणि या मुलीची आत्या आयरिश. तिला हा मान आहे हे मुलीच्या आईनेच तिला हौसेने सांगितले होते. आत्याने तो गंभीरपणे घेतला. तिचे म्हणणे असे, की तारा ही मुलगी नव्हे, टेकडी आहे. मीथ परगण्यातील ज्या टेकडीवर आयर्लंडच्या महाराजांचे अधिष्ठान होते असे परंपरा मानते, तिच्या आयरिश नावाचे तारा हे इंग्रजीत रुळलेले रूप. टॉमस मूरच्या गीतांनी ते एकोणिसाव्या शतकात घरोघरी नेले, आणि मार्गारेट मिचेलच्या 'गॉन विथ द विंड' या १९३६ सालच्या कादंबरीत जॉर्जियातील एका आयरिश स्थलांतरिताने आपल्या मळ्याला ते दिले. तेथून ते मुलींना लागले. म्हणजे जावयाच्या पुस्तकातील प्राचीन केल्टिक नाव हे बव्हंशी अमेरिकन कादंबरीचे आणि चित्रपटाचे अपत्य होते. आत्याने स्वतःची यादी पाठविली.

ती यादी रोमन लिपीत होती. आजोबांनी ती मोठ्याने वाचली: नियाम्ह, सावोइर्से, काओइम्हे. दूरध्वनीवर त्यांचे उच्चार ऐकू आले ते असे: नीव्ह, सीर्शा, कीव्हा. आजीने कागद पाहिलाच नव्हता. तिला ही नावे पहिल्याच झटक्यात म्हणता आली. लिपी येणाऱ्याची फजिती आणि न पाहणारीची सुटका, असा हा प्रसंग. देवनागरीत लिहिले की आयरिश लेखनातील सारी अवघड गुंतागुंत नाहीशी होते. मात्र तिच्याबरोबर त्या शब्दाचा इतिहासही नाहीसा होतो, आणि येथे तो इतिहास मराठी वाचकाच्या अगदी जवळचा आहे.

'नीव्ह'मधला 'व' हा मुळात 'म' आहे. जुन्या आयरिशमध्ये स्वरानंतरचा 'म' शिथिल होऊन सानुनासिक 'व' झाला. जुन्या आयरिश मुद्रणात हा बदल दाखविण्यासाठी 'म'च्या अक्षरावर टिंब देत. विसाव्या शतकाच्या मध्यास ते टिंब गेले आणि त्या जागी 'एच' हे अक्षर लिहिण्याची पद्धत स्थिरावली. आता मराठीकडे पाहावे. 'ग्राम'चे 'गाव', 'कोमल'चे 'कोवळा', 'श्यामल'चे 'सावळा', 'आमलक'चे 'आवळा', आणि 'नाम'चे 'नाव'. जी प्रक्रिया आयरिशमध्ये झाली तीच प्राकृत-अपभ्रंशांतून मराठीत झाली. 'नांव' या शब्दावरचा अनुस्वार ही त्या हरवलेल्या 'म'ची खूण होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ती पुसली. आयरिशमध्ये नावाला जो शब्द आहे तो 'नामन्'चाच सगोत्र, हे तौलनिक भाषाशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात आढळेल. तेव्हा 'नीव्ह' हे नाव परके खरे, पण ज्या ध्वनिव्यापाराने ते घडले त्यानेच मराठीतला 'नाव' हा शब्द घडविला आहे.

या नावामागची कथाही आहे. नीव्ह ही चिरतारुण्याच्या देशाची राजकन्या. ती ओशीन या वीराला घोड्यावर बसवून आपल्या देशी नेते. तीन वर्षे लोटली असे समजून तो परततो, तर मागे तीनशे वर्षे गेलेली असतात, आणि मायभूमीला अंग लागताच तो जरठ होतो. मुलीला वर विचारण्यासाठी ब्रह्मलोकी गेलेल्या आणि परत येऊन युगे उलटलेली पाहणाऱ्या रेवतीच्या पित्याची, ककुद्मीची, कथा मराठी वाचकाला येथे आठवावी. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या आईवडिलांना या दोन्ही कथा फारशा अद्भुत वाटत नाहीत.

निर्णय आजीने दिला. "आत्याचा मान आत्याले द्या. थे तिकडची हाय म्हून काय झालं?" हा युक्तिवाद कोणत्याही सांस्कृतिक सिद्धान्तापेक्षा बिनतोड होता, कारण रीत पाळायची तर ती फळाला आल्यावरही पाळली पाहिजे. देशीयतेच्या चर्चेत आपल्याकडे बहुधा वस्तूंचा विचार होतो, वस्तू स्वीकारण्याच्या रीतींचा होत नाही. आजीने नाव परके घेतले, पण घेण्याचा अधिकार आपल्या रीतीतून काढला. पुढे एकाक्षरी व्यंजनान्त स्त्रीनाम मराठी जिभेला रुचत नाही म्हणून तिने त्याचे 'नीवू' केले, आणि जीव निवतो तशी ही नीवू, असा अर्थही लावला. आयरिशमध्ये त्या नावाचा अर्थ तेज, झळाळी. मराठी 'निवणे' मात्र 'निर्वाण'च्या कुळातले, मूळ अर्थ विझणे. आजोबांना ही व्युत्पत्ती ठाऊक होती. ते बोलले नाहीत. 'तारा' हे नाव पत्रिकेपुरते राहिले.

पत्रिकेपुरते राहिलेल्या या 'तारा'कडे साहित्याच्या अभ्यासकाने मात्र दुर्लक्ष करू नये. एका केल्टिक कुळातील नायिकेसाठी वऱ्हाडातील एका मराठी लेखकाने हेच नाव पूर्वी एकदा निवडले होते. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात दीर्घकाळ काम केलेले आणि १९०७ च्या पुणे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलीन'चे रूपांतर १८७९ साली 'तारा' या नावाने प्रसिद्ध केले. 'सिंबेलीन' ही रोमनपूर्व ब्रिटनच्या राजाची कथा. कुनोबेलिनस या केल्टिक राजनामाचे ते झिजलेले रूप. त्याची कन्या इमोजेन. महाजनींनी शीर्षकातून राजाला काढून तेथे मुलीला बसविले. ही निवड साधी नाही. शेक्सपिअरच्या नाटकाचा भार राजावर नाहीच, तो पतीच्या संशयाला बळी पडलेल्या पत्नीवर आहे, हे त्यातून मान्य केले गेले. 'तारा' म्हटल्यावर मराठी प्रेक्षकाच्या मनात वालीची पत्नी, प्रातःस्मरणातील पंचकन्यांपैकी एक, आणि हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेत सोबत असलेली तारामती अशा प्रतिमा उभ्या राहत. अकारण कसोटीला लागणाऱ्या स्त्रीसाठी याहून नेमके नाव शोधणे कठीण होते. 'इमोजेन' तसेच ठेवले असते तर ते मिलच्या अर्थाने खरोखर निरर्थक ठरले असते.

त्यातही 'सिंबेलीन' हे नाव बदलणाऱ्यांचे नाटक आहे. राजपुत्र वेल्सच्या गुहेत दुसऱ्याच नावांनी वाढतात, त्यांना पळवून नेणारा सरदार नाव पालटून राहतो, इमोजेन पुरुषवेषात नवे नाव घेते. या नाटकाचा मराठी प्रयोग बडोद्यास १८८० साली इचलकरंजीकर नाटक मंडळीने केला, आणि तो पाहून हॅरल्ड लिटलडेल या बडोद्यातील इंग्रजीच्या अध्यापकाने 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये लेख लिहिला. प्रसंग होता सयाजीराव गायकवाडांच्या विवाहोत्सवाचा. सयाजीराव स्वतः दत्तक येण्यापूर्वी गोपाळराव होते. तंजावरच्या मोहिते घराण्यातील त्यांची वधू लक्ष्मीबाई त्या विवाहाने चिमणाबाई झाली. ती निवर्तल्यावर आलेली दुसरी पत्नी, देवासची गजराबाई, तीही चिमणाबाईच झाली. रंगमंचावर नायिकेचे नाव बदलत होते आणि समारंभात वधूचे बदलले होते. प्रेक्षकांपैकी कोणाला हे जाणवले असेल असे मानण्याचे कारण नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव ही त्या काळी इतकी स्वाभाविक गोष्ट होती. यमुना नावाची एक मुलगी रमाबाई रानडे झाली आणि दुसरी यमुना आनंदीबाई जोशी. मुलीचे माहेरचे नाव हे तिच्या लग्नापर्यंतचे उसने नाव होते. आज ती रीत शिक्षित घरांतून मावळत असल्यामुळेच बारशाच्या नावावर एवढा विचार होऊ लागला आहे. ते नाव आता मुलीला जन्मभर पुरायचे असते.

'तारा' प्रसिद्ध झाल्यानंतर तीन वर्षांनी, १८८२ साली, वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध छापला गेला. या दोन तारांचा परस्परांशी काही संबंध जोडणे धाडसाचे होईल. तरीही विषयाचे साम्य नजरेआड करता येत नाही. शेक्सपिअरचा नायक पत्नीच्या तथाकथित व्यभिचाराची वार्ता ऐकताच साऱ्या स्त्रीजातीवर दुर्गुणांची यादी लादतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रियांवर जी यादी लादली गेली, तिला ताराबाईंनी कलमवार उत्तर दिले. रूपांतरातली तारा अखेर पतीला क्षमा करते. बुलढाण्याची तारा हिशेब मागते. नाव एकच असूनही त्याचा अर्थ कोण ते नाव धारण करते यावर कसा पालटतो, याचे याहून चांगले उदाहरण या प्रदेशात मिळणार नाही.

आता अस्सल केल्टिक नाव म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत फियोना, केविन, ब्रिजिट ही नावे कित्येक पिढ्यांपासून सहज वावरत आहेत. त्यांपैकी केविन आणि ब्रिजिट ही संतांची नावे. फियोना मात्र एका साहित्यिक बनावाची कन्या आहे. अठराव्या शतकात जेम्स मॅकफर्सनने प्राचीन गेलिक कवी ऑसियनची म्हणून जी काव्ये प्रसिद्ध केली, त्यांत ते नाव प्रथम आले, आणि पुढे विल्यम शार्पने स्त्रीचे टोपणनाव म्हणून ते वापरले. 'सीर्शा' म्हणजे स्वातंत्र्य. ते मुलीचे नाव म्हणून विसाव्या शतकात आले, आपल्याकडे 'क्रांती' आले तसेच. प्राचीनतेची हमी शोधणाऱ्या पालकांना असे काही सांगितले की ते नाराज होतात. ती नाराजी अनाठायी आहे. मराठी मुलींची कितीतरी नावे संस्कृत नाटकांतून आणि बंगाली कादंबऱ्यांतून आली, आणि त्यांच्या मराठीपणाबद्दल कोणाला शंका नाही.

खुद्द इमोजेनची कथा याहून मौजेची आहे. सायमन फोरमन याने १६११ साली 'सिंबेलीन'चा प्रयोग पाहून जी टिपणे केली, त्यांत नायिकेचे नाव इनोजेन असे आहे. ब्रिटनच्या दंतकथात्मक इतिहासातही ते नाव असेच येते. १६२३ च्या पहिल्या फोलिओत मात्र ते इमोजेन छापले गेले. हस्तलिखितातल्या दोन 'एन' अक्षरांच्या दांड्या मोजताना जुळाऱ्याची चूक होऊन तेथे एक 'एम' आला असावा, असे संपादकांचे मत आहे. 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' झालेला पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ते सहज पटेल. इनोजेन या नावाचा संबंध मुलगी, कन्या या अर्थाच्या गेलिक शब्दाशी जोडला जातो. म्हणजे कोणा प्राचीन बापाने आपल्या लेकीला केवळ 'लेक' म्हटले, आणि छापखान्यातल्या चुकीने त्याचे एक नवे नाव झाले, जे आजही इंग्लंडात मुलींना हौसेने ठेवले जाते. ऑक्सफर्डच्या संपादकांनी १९८६ साली आपल्या आवृत्तीत इनोजेन हे रूप पुन्हा बसविले. जन्मनोंदीच्या वह्यांतली इमोजेन त्यामुळे हलली नाही, आणि महाजनींच्या १८७९ च्या संहितेत तर ही दुरुस्ती करण्याला जागाच नाही.