तोंडाने रांधलेलं जेवण

चि. मुक्ता,

तुझं पत्र पोचलं. दिवसभर लोकांच्या दाढा काढतेस, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी शब्द ऐनवेळी दगा देतात. मग कथा कशी लिहू, असं विचारलंयस. तुझ्याच पेशातल्या एकाची गोष्ट सांगते.

यू हुआ हा चिनी कादंबरीकार १९६० साली हांगचौला जन्मला, वाढला हाययान या लहान गावात. आईवडील डॉक्टर, बिऱ्हाड इस्पितळाच्या आवारात, समोरच शवागार. उन्हाळ्यात दुपारी पोरगा तिथल्या गार सिमेंटच्या ओट्यावर जाऊन झोपायचा! सांस्कृतिक क्रांतीत बहुतेक पुस्तकांवर बंदी. हाती लागायची ती शेवटची पानं फाटलेली, मग रात्री अंथरुणात शेवट हाच रचायचा. पुढे सरकारने दातांच्या दवाखान्यात बसवलं. पाच वर्षं दात उपटले. सांस्कृतिक केंद्रातली माणसं मात्र कामाच्या वेळी रस्त्यावर रमतगमत फिरायची. तसली नोकरी मिळावी म्हणून गडी लिहू लागला.

सुरुवातीच्या कथांत नुसती कापाकापी. नव्वदीनंतर आवाज खाली आला. त्याच्या 'टू लिव्ह' या कादंबरीवर दिग्दर्शक झांग यिमौने १९९४ साली काढलेला चित्रपट कान महोत्सवात गाजला, चीनमध्ये त्यावर बंदी आली. समीक्षकांनी साध्या भाषेची वाखाणणी केली, तर यू हुआ म्हणतो, मला मुळात अक्षरंच थोडी येतात.

त्या थोडक्या अक्षरांत काय मावतं ते बघ. १९९५च्या कादंबरीत शू सानगुआन हा रेशीम कारखान्यातला कामगार घर अडचणीत आलं की रक्त विकतो. दुष्काळात घरात फक्त मक्याची पातळ पेज. एका रात्री तो पोरांना तोंडानेच जेवण रांधून वाढतो. धाकट्यासाठी डुकराचं मांस: आधी उकडायचं, मग तळायचं, मग सोया सॉस घालून मंद आचेवर मुरवायचं. ऐकता ऐकता थोरलेही आवंढे गिळतात, तर बाप दटावतो, हे धाकट्याचं आहे, तुम्ही का गिळताय?

हे मी इंग्रजी अनुवादात वाचलं. स्वयंपाकघराबाहेरचा एकही शब्द त्यात नाही, तरी पुढची दोन पानं मला दिसेनात.

तुझ्या खुर्चीत बसलेला पेशंट 'आ' करण्याआधी काहीतरी बोलतोच. उद्याच्या पहिल्या पेशंटचं तेवढं बोलणं लिहून पाठव. शुद्धलेखन मी बघते.

तुझी,
मावशी