एक धागा जाळून पाहा

आमच्या गावाचे नाव आंधळगाव. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात ते आहे, आणि कोशाचे कापड विणणारे गाव म्हणून त्याची ओळख आहे. परगावच्या माणसाला हे नाव सांगितले की तो हमखास एक विनोद करतो. नागपुरात शिक्षकी करताना हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला, की समोरच्याचे ओठ हलू लागले की मी आधीच हसून मोकळा होतो. पण गेल्या वर्षी दसऱ्याला गावच्या घरी पुतणीचा संगणकच आंधळा झाला, तेव्हा तोच विनोद मी केला आणि घरातले कोणीही हसले नाही.

न हसण्याला कारण होते. माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, यांनी उभा जन्म मागावर काढला. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा तो मधाच्या रंगाचा कोसा, आणि त्याला करवतीच्या दातांसारखा काठ. हा काठ विणायचा म्हणजे एका धोट्याचे काम नव्हे; मधल्या पोताला एक आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे एकाच वेळी खेळवावे लागतात. दादांना काठाचे कितीतरी नमुने पाठ. चौकटीच्या कागदावर काढून ठेवलेले होते तेही, पण त्यांतले निम्मे वाळवीने आधीच वाचून संपवले. उरले ते दादांच्या डोक्यात. आणि डोक्यातले कागदावर उतरायचे तर डोळे हवेत. दादांना काचबिंदू आहे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपायची एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

म्हणून पुतणीने मनावर घेतले होते, की दादांनी सांगावे, आपण संगणकावर काढावे, आणि दादांनी पाहून चुका दाखवाव्यात. अकरा काठ झाले. बाराव्याच्या वेळी संगणकातले ग्राफिक्स कार्ड जळाले.

ज्यांच्या घरी संगणक आहे पण ज्यांनी त्याचे पोट कधी उघडून पाहिले नाही, अशा माझ्यासारख्या वाचकांसाठी सांगतो. पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम करणारी एक वेगळी पाटी संगणकात बसवता येते, ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मी नागपूरहून जुन्या मालातले एक कार्ड मोठ्या ऐटीत घेऊन आलो. पेटीवर नाव होते जीटी ७३०. पुतणीने ते खाचेत बसवले, बटण दाबले, आणि पडदा उजळलासुद्धा. पण कसा? अक्षरे बोरांएवढी, रेषा फताड्या, आणि काठ काढायचे सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नाही.

आता गंमत अशी, की दादांना हा पडदा फार आवडला. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "मले तं असंच बेस दिसते बावा. राहू दे."

पण राहू देऊन चालणार नव्हते. कार्ड बसवले म्हणजे काम झाले, असे नसते. त्याला ड्रायव्हर लागतो. हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे एसटीचा खाकी ड्रायव्हर उभा राहिला होता. पण हा ड्रायव्हर गाडी हाकत नाही. तो दुभाषा आहे. विंडोजची भाषा एक, कार्डावरच्या चिपची भाषा दुसरी. मध्ये दुभाषा नसला तर विंडोज आपल्याजवळच्या एका साध्या, सर्वांना चालणाऱ्या ड्रायव्हरवर वेळ भागवते. म्हणजे परमुलखात माणूस जसा बोटे दाखवून केळी विकत घेतो, तसे. केळी मिळतात, पण कोणी खुणांनी भजन म्हणू शकत नाही.

तेव्हा दुभाषा शोधायला आम्ही निघालो. मी म्हटले, सगळ्यांत नवा असेल तो घे. माणूस भाजी घेताना जे शहाणपण वापरतो तेच मी येथे वापरले. मोबाइलच्या इंटरनेटवरून ती शेकडो मेगाबाइटची फाइल उतरवताना वहिनींचे दोन चहा झाले आणि एकदा वीज गेली. अखेर फाइल आली, चालवली, आणि पडद्यावर चौकट उमटली. तिचा भावार्थ असा, की या ड्रायव्हरला जुळणारे कार्ड येथे सापडले नाही.

"सापडले नाही म्हणजे? समोर तर आहे!" मी त्या चौकटीवर ओरडलो. शाळेत फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या पोराला 'फळा कुठे आहे' असे विचारावे, तसला तो प्रकार वाटला.

मग मी एक मोठी चूक केली. 'तुमच्या संगणकाचे सारे ड्रायव्हर आपोआप नवे करून देतो' असे सांगणारे एक फुकटचे सॉफ्टवेअर उतरवले. त्याने ड्रायव्हर तर दिला नाहीच, उलट जाहिराती आणल्या, आणि त्या काढून टाकण्यात पुतणीची एक संध्याकाळ गेली. ती काही बोलली नाही. नुसती "काकाजी" म्हणाली. त्या एका शब्दात सारे आले.

दुसऱ्या दिवशी तिने नीट वाचून काढले. हे कार्ड एनव्हिडियाच्या केप्लर नावाच्या पिढीतले. या पिढीसाठी कंपनीची ४७० या क्रमांकाची ड्रायव्हरमाला शेवटची. २०२१ नंतरच्या नव्या मालांत तिला जागा नाही. म्हणजे नवे ते चांगले हा माझा नियम येथेच खोटा ठरला होता. जुन्या कार्डाला त्याच्या काळचाच दुभाषा हवा. आम्ही ४७० मालेतला ड्रायव्हर आणला. पुन्हा तीच चौकट. जुळणारे कार्ड सापडले नाही.

"नाव तर तेच आहे," पुतणी म्हणाली. मी पेटी हातात घेऊन पाहिली. नाव तेच होते. आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांना नाव तेच असल्याचे सांगत राहिलो.

दादा पलीकडे खाटेवर होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "नाव कायले पुसता? धागा जारून पाय ना."

आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून 'जारून'. पण मला कळले ते शब्दापलीकडचे. बाजारात पुष्कळ कापडावर कोसा म्हणून चिठ्ठी असते. विणकर चिठ्ठी वाचत नाही. तो कडेचा एक धागा ओढतो आणि काडीवर धरतो. खरे रेशीम संथ जळते, केस जळाल्यासारखा वास येतो, आणि राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. चिठ्ठी काहीही म्हणो, धागा खोटे बोलत नाही.

पुतणी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काकाजी, कार्डालाच विचारता येते!"

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या साध्या ड्रायव्हरच्या नावावर तिने उजवी कळ दाबली, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', मग 'हार्डवेअर आयडी'. तेथे अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ होती. तिच्यातला पहिला अंक १०डीई, तो कंपनीचा. दुसरा चिपचा: ०एफ०२. तिने तो शोधला आणि उलगडा झाला. २०१४ साली जीटी ७३० याच नावाने दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या. एक केप्लर, तिचा अंक १२८७. दुसरी तिच्या आधीची, २०१० साली आलेल्या फर्मी पिढीची. आमची ही दुसरी. तिचा दुभाषा ४७० मालेत नाही; तो ३९१.३५, मार्च २०१८ मधला.

यात आम्हांला कोणी फसवले नव्हते. आम्हीच पेटीशी बोलत बसलो होतो.

पुढचे काम कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या जुन्या ड्रायव्हरांच्या यादीतून झाले. आधी संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून जळालेल्या कार्डाचा जुना ड्रायव्हर पुरता काढला. मागावर नव्या ताण्याची टोके जुन्या ताण्याच्या टोकांना जोडून घेतात. येथे मात्र जुना धागा राहिला की नवा गुंततो, एवढा दोन्ही विद्यांत फरक. मग ३९१.३५ चालवला, आणि 'क्लीन इन्स्टॉलेशन'च्या चौकोनात खूण केली.

मध्येच पडदा काळा झाला. असा तो होतोच, असे पुतणीने सांगितले होते. तरी आम्ही चौघे त्या काळोखाकडे पाहत बसलो. वहिनींच्या हातातली करंजी कातायची तशीच राहिली. मी दादांकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

मग पडदा आला, आणि बारीक, स्वच्छ, एकेक धागा मोजावा असा आला. सॉफ्टवेअर उघडले. बारावा काठ उमटला.

"काईच दिसत नाई," दादा म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. पण पुतणी हसली. स्पष्टता वाढल्याने सारे बारीक झाले होते. तिने सेटिंगमध्ये अक्षरांचे माप दीडपट केले, काठाचे चित्र पडदाभर केले. दादा पुढे सरकले. नाक काचेला लागेल इतके. मग त्यांचे बोट एकेका दातावरून फिरू लागले. ते मोजत होते. सातव्या दातापाशी बोट थांबले.

"हा वाकडा हाय. इकडून चार धागे, तिकडून पाच. असा विनला तं लुगडं हसंल."

पुतणीने एक चौकट पुसली. दादांनी पुन्हा मोजले आणि मान हलवली.

तो ड्रायव्हर जुना आहे. त्याच्या सुरक्षेतल्या उणिवा आता कोणी दुरुस्त करत नाही. म्हणून पुतणी त्या संगणकाला इंटरनेट जोडत नाही. तो फक्त काठांसाठी. दिवाळीपर्यंत आणखी चार काठ झाले. दादांच्या डोक्यात अजून किती आहेत, ते विचारण्याचा धीर मला झाला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी घरातली काच न् काच पुसली. संगणकाचा पडदा मात्र पुसला नाही. त्यावर दातांच्या ओळीने दादांच्या बोटाचे ठसे होते.