काचबिंदूचं ऑपरेशन आणि पाळीची तारीख

नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी सिस्टरने विचारलं, ‘‘शेवटची पाळी कधी आली होती?’’ उमरखेडहून सोबत आलेल्या सासूबाई बिचकल्याच. ‘‘डोयाच्या आपरेशनले पायीचं काय काम वो?’’

काम होतं. डॉक्टरांनी ते नीट सांगितलं. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर पडावं म्हणून वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागात नवी वाट करतात. शरीर तिला जखम समजून भरून काढतं. तरुण वयात तर फार लवकर. ती बुजू नये म्हणून मायटोमायसिन-सी लावतात. हे मुळात कॅन्सरचं औषध, पेशींची वाढ रोखणारं. गर्भाच्या पेशी तर भराभर वाढत असतात. म्हणून गरोदरपणात ते टाळतात, गरोदर सिस्टरलाही हाताळू देत नाहीत.

‘कॅन्सरचं औषध’ ऐकून माझे हातपाय गार पडले. मग डॉक्टरांनी हिशेब मांडला. कॅन्सरमध्ये ते शिरेतून देतात, कित्येक मिलिग्रॅम. इथे एका मिलिलिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम एवढंच. त्यात भिजवलेले स्पंजचे बारीक तुकडे दोन-तीन मिनिटं ठेवायचे आणि जागा सलाइनने भरपूर धुवायची. रक्तात जवळजवळ काहीच उतरत नाही. जपायचं ते डोळ्याला: दाब फार उतरणं, पाणी झिरपणं, पुढे कधी जंतुसंसर्ग.

काचबिंदूसाठी डोळ्यात टाकायच्या रोजच्या थेंबांची मात्र आमच्याकडे कुणी औषधात गणतीच करत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. थेंब अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो आणि तिथून रक्तात. टिमोलॉलने नाडी मंदावते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून थेंब टाकला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून ठेवायचा. हे प्रत्येक बाईला चिठ्ठीसोबतच सांगायला हवं.

मला दुसरं मूल हवं होतं. काही थेंब गरोदरपणात नको असतात. ब्रिमोनिडिन तर बाळ अंगावर पीत असताना टाळतात, कारण दुधातून ते गेलं तर बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, दिवस राहण्याआधी ऑपरेशन उरकू, म्हणजे थेंब कमी करता येतील. लघवीची तपासणी निगेटिव्ह आली, आणि त्याच सकाळी मला आत नेलं.