खेळण्यातली करवत

‘‘मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का?’’

पडद्याचा स्टीलचा रॉड चार इंचांनी कमी करायचा होता. काम एवढंच. त्यासाठी हा तिसरा फोन. पहिला म्हणाला, रविवारी बघू. दुसरा म्हणाला, एवढ्याशा कामाला येणं परवडत नाही, अजून दोन-चार कामं साठवा. आणि तिसऱ्यानं हा प्रश्न विचारला. रॉड कापायला नव्हे हं, ‘काम समजावून सांगायला’!

घरात जेंट्स होते. पिंपरीतल्या एका कारखान्यात 34 वर्षं फिटर म्हणून काम केलेले, माझे बाबा. त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं. काही न बोलता उठले आणि गॅलरीतल्या खिळ्यावरचा हॅक्सॉ काढून आणला. त्याला ते ‘एक्सा’ म्हणतात. रॉड खुर्चीवर आडवा ठेवला, गुडघ्यानं दाबला, पान टेकवलं. पान घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. गेली दोन वर्षं त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. चहाचा कप आता ते अर्धाच भरून घेतात. तिसऱ्यांदा पान घसरलं तेव्हा एक्सा परत खिळ्यावर गेला.

‘‘पानाला धार राहिली नाही,’’ बाबा म्हणाले.

पान नवं होतं. आठवड्यापूर्वी मीच आणलं होतं.

त्या शनिवारी मी रविवार पेठेत गेले. बोहरी आळीत. आमच्यासारख्या लॅपटॉपपेक्षा जड काही न उचलणाऱ्या पब्लिकनं तिथं एकदा तरी जावंच. मॉलमध्ये न मिळणारं अर्धं जग तिथं टांगलेलं असतं. मला हवं होतं कापायचं काहीतरी, पण भिंतीएवढं नको. दुकानदारानं आधी नेहमीचा चार इंची, वायरवाला ग्राइंडर दाखवला. तो हातात धरताच माझं मनगट म्हणालं, बाई गं, नको. मग त्यानं कपाटातून एक छोटासा डबा काढला. बॅटरीवर चालणारी कट-ऑफ सॉ. एका हातात मावणारी, वजन किलोच्या आतबाहेर आणि पुढे 76 मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम तीन इंचांची चकती.

‘‘गिफ्ट द्यायचंय का?’’ दुकानदारानं विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘मलाच.’’

घरी डबा उघडला. बाबांनी मशिन उलटसुलट करून पाहिलं, बॅटरी काढली, लावली, आणि निकाल दिला, ‘‘खेळणं आणलंस.’’ बॅटरीवर 12 व्होल्ट लिहिलं होतं. आत लिथियम-आयनचे तीन सेल असतात, प्रत्येकी 3.6 व्होल्टचे. म्हणजे चालताना झाले 10.8. बारा भरतात ते पूर्ण चार्ज झाल्या झाल्या. हा फंडा कळल्यावर बाबा म्हणाले, ‘‘म्हणजे वरचे सव्वा व्होल्ट जाहिरातीचे!’’

पण खेळणं म्हणावं तर चकती फिरते मिनिटाला 20 हजार फेऱ्यांच्या घरात. हिशेब करून पाहिला. त्या चकतीचा काठ ताशी पावणेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं पळत असतो. आपली एक्स्प्रेस-वेवरची सगळी शायनिंग त्याच्यापुढे बैलगाडी.

डब्यासोबत तीन चकत्या होत्या. धातूसाठी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, घासून कापणारी. टाइलसाठी काठाला हिऱ्याची कणी लावलेली. आणि प्लास्टिक-लाकडासाठी कार्बाइडचे दाणे बसवलेली. चकती बदलण्याआधी बॅटरी काढायची, हा पहिला नियम. दुसरा नियम मला माहीतच नव्हता. घासून कापणाऱ्या चकतीला एक्स्पायरी डेट असते, औषधासारखी! मधल्या धातूच्या रिंगवर ती छापलेली असते. चकतीतले कण राळेनं बांधलेले असतात आणि ती राळ जुनी झाली, दमट झाली की कच्ची होते. तेव्हा माळ्यावर सापडलेली चकती ‘चालतेय की’ म्हणून लावू नका.

मग आमचे रविवार सुरू झाले. सोसायटीत ठोकाठोकीला दुपारी दोन ते चार बंदी, त्यामुळे सकाळी अकराची वेळ. मी जमिनीवर, बाबा गॅलरीत खुर्चीवर, हातात अर्धा कप चहा. रॉड कापायला किती वेळ लागला माहितीये? दहा-बारा सेकंद. आणि त्याआधी बाबांनी माझ्याकडून वीस मिनिटं नुसती खूण करून घेतली! टेप दोनदा लावायचा. खूण रेघेनं नाही, टोकदार काहीतरी घेऊन ओरखड्यानं करायची. कापून गेलेला भाग रेघेच्या कुठल्या बाजूचा, हे आधी ठरवायचं. रॉड टेबलाला क्लॅम्पनं आवळायचा. ठिणग्या कुठे उडणार ते पाहायचं आणि तिथला पडदा, पेपर, पायपुसणं उचलायचं.

‘‘मशिन हाताचं काम करतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘डोळ्याचं नाही करत.’’

हळूहळू जमायला लागलं. शू-रॅकच्या एका स्क्रूचं डोकं पूर्ण घासून गेलं होतं, पेचकस धरेचना. त्याच्या डोक्यावर चकतीनं हलकेच एक आडवी खाच पाडली आणि साध्या चपट्या पेचकसनं तो सुरसुर बाहेर आला. त्या दिवशी मला ऑफिसमधल्या प्रमोशनएवढा आनंद झाला. मग सिंकखालचा पीव्हीसी पाइप झाला. किल्ली हरवलेल्या ट्रंकेचं कुलूप झालं. नव्या नळासाठी टाइलच्या कोपऱ्यात खाच झाली. शेजारच्या काकू ‘‘तुमच्याकडे ती मुलगी येते ना कापायला’’ असं म्हणत आल्या, तेव्हा आईनं मला हाक मारली!

आणि मग माज आला. येतोच.

एका लोखंडी पट्टीत कट थोडा तिरका जायला लागला, म्हणून मी चालू मशिन मनगटानं वळवून सरळ करायला गेले. फाटकन आवाज झाला. चकतीचा तुकडा माझ्या गॉगलवर आपटून कुठेतरी गेला. डोळ्यासमोरच्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, एक पांढरा ओरखडा. ही चकती फक्त सरळ रेषेत कापते. कटमध्ये असताना तिला वळवलं, बाजूनं दाबलं की ती फुटते. तेव्हा मी गॉगल घातला होता तो केवळ बाबांच्या धाकानं. आपला नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, हेही त्यांनीच सांगितलं होतं. बाबा त्या दिवशी ओरडले नाहीत. नुसते उठून आत गेले. फिटरच्या घरात वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ कळतो. त्यानंतर महिनाभर मी मशिनला हात लावला नाही.

गेल्या पावसाळ्यातला एक मंगळवार. मी घरूनच काम करत होते, क्लायंटचा कॉल चालू होता. बाथरूममधून धप्प आवाज आला. मग बादली कलंडल्याचा.

‘‘बाबा?’’

‘‘आहे,’’ आतून आवाज आला. ‘‘पडलोय. उठता येत नाहीये.’’

आमच्या बाथरूमचं दार पीव्हीसीचं, आत उघडणारं, आणि आतून कडी. बाबा दाराला लागूनच पडले होते. दार ढकललं की आतून कण्हणं ऐकू यायचं. लाथ मारून दार तोडायचं म्हणजे ते त्यांच्याच अंगावर. आईनं 108 लावला, शेजारच्या काकांना हाक मारली. काका खांदा लावायला निघाले, त्यांना मी अडवलं. आणि का कोण जाणे, पहिल्यांदा मला बाबांच्या गॅलरीतल्या खुर्चीचं आठवलं. आधी खूण.

बाहेर वॉशबेसिनवर काजळाची पेन्सिल होती. कडी कुठे येते ते बाहेरच्या हँडलवरून मोजलं आणि हाताचा पंजा आत जाईल एवढा चौकोन दारावर काढला. बाबांना विचारलं, तुमचं डोकं कुठंय? ‘‘खाली, बिजागरीकडे.’’ म्हणजे चौकोनाच्या विरुद्ध बाजूला. टॉवेल तोंडावर घ्या म्हटलं. धातूची चकती लावलेली होती. ती प्लास्टिकला लावली तर कापण्याऐवजी वितळवते आणि धूर करते. बॅटरी काढली, कार्बाइडची चकती लावली, बॅटरी लावली. हात थरथरत होते. आमच्या घरात हे आता दोघांचं झालं, असंही वाटून गेलं.

पीव्हीसीचं दार आतून पोकळ असतं. दोन बाजूंना पातळ पत्र्यासारख्या भिंती आणि मध्ये हवा. आधी बाहेरची भिंत कापली, चौकोन उचकटून काढला. मग आतली, अगदी हळू, चकती पलीकडे कमीत कमी जाईल अशी. फरशीवर पाणी साचलेलं होतं. वायरचं मशिन असतं तर तिथं वापरायची माझी हिंमत नव्हती आणि कोणी करूही नये. तिसरी बाजू कापत असताना आतून आवाज आला,

‘‘दाबू नकोस. तिला तिच्या वेगानं जाऊ दे.’’

चौथी बाजू झाली. हात आत घातला, कडी सापडली, सरकली. काका आणि मी दार इंचाइंचानं उघडलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागली असतील. मला विचाराल तर दोन तास.

बाबांच्या डाव्या मनगटाला फ्रॅक्चर होतं. कंबर वाचली. डॉक्टर म्हणाले, या वयात हे स्वस्तात सुटणं आहे.

तुम्ही म्हणाल, मग काय, प्रत्येकानं करवत घ्यावी? नाही हो. घ्यायचं असेल तर आधी दुसरं काहीतरी घ्या. आमच्या बाथरूमची कडी आता गेली. तिथं बाहेरून नाण्यानं उघडता येईल असं लॉक आलंय. दार बदललं, नवं बाहेर उघडतं. कमोडशेजारी आणि शॉवरखाली स्टीलचे आधाराचे दांडे बसवले. तुमच्या घरात साठीपलीकडचं कोणी असेल तर या वीकएण्डला सिनेमा पुढे ढकला आणि एवढं करून टाका. दांड्याचा माणूस मिळेल. नाहीच मिळाला, तर मला सांगा.

जुन्या दाराचा मी कापलेला तो चौकोन मात्र फेकला नाही. प्लास्टर काढून आल्यावर बाबांनी तो मागून घेतला. खिडकीशी नेला, एक डोळा मिटून चारही कडा पाहिल्या, पेटीतला गुण्या काढून कोपऱ्याला लावला. मी श्वास रोखून उभी. कॉलेजच्या रिझल्टला नव्हते एवढी टेन्शनमध्ये.

‘‘एक बाजू दोन मिलिमीटर बाहेर गेलीये,’’ ते म्हणाले.

मग तो चौकोन त्यांनी गॅलरीत नेला आणि एक्साशेजारच्या खिळ्यावर अडकवला.